वॉलेटमधलं बिटकॉइन बँकेत आणताना

२०१७ च्या पावसाळ्यात घेतलेलं थोडंसं बिटकॉइन मी २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस विकलं. रुपये बँकेत आले, जूनमध्ये कर भरला, आणि परवा २६एएसमध्ये (आपल्या नावे कापलेला कर दाखवणाऱ्या आयकराच्या विवरणात) टीडीएस दिसल्यावर फाइल कपाटात ठेवली. हे सगळं करायच्या आधी मराठीत कुणी सविस्तर लिहिलंय का म्हणून बरंच शोधलं होतं. जे सापडलं ते एकतर ‘करोडपती व्हा’ छापाचं, नाहीतर ‘त्या वाटेला जाऊ नका’ छापाचं. ज्याच्याकडे नाणं आहेच, त्याने ते नीट बाहेर कसं काढायचं, हे कुणी सांगेना. म्हणून हा खटाटोप. विकत घ्या असं मी कुणाला सुचवत नाहीये. मी नाशिकला शाळेत गणित शिकवते. या धंद्याशी माझा संबंध एवढाच.

आधी थोडं मागचं. २०१७ च्या त्या महिन्यांत एका बिटकॉइनचा भाव दोन-सव्वादोन लाख होता. भिशीचे पैसे हातात आले की दोन-चार हजारांचं घ्यायचं, असं करत २६,४०० रुपयांत ०.१२ बिटकॉइन जमलं. मग ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं आणि बँकांना या व्यवहारांतून तीन महिन्यांत अंग काढून घ्यावं लागलं. जुलैनंतर ॲपमध्ये रुपये टाकता येईनात आणि काढताही येईनात. झेबपे या ॲपने तर २८ सप्टेंबर २०१८ ला एक्स्चेंजच, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा बाजारच, बंद केला. माझं ॲप वेगळं होतं, पण एकूण रागरंग बघून मी सगळं नाणं फोनमधल्या स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेतलं आणि त्याची किल्ली असलेले बारा शब्द एका वहीत उतरवून ठेवले. सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द केलं, पण तोवर माझं लक्ष उडालेलं होतं.

२०२५ हे लेकीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं वर्ष. फी, हॉस्टेल, लॅपटॉप असा हिशेब मांडायला बसलो तेव्हा वही बाहेर आली.

बहुतेक लोक सुरुवात नाण्यापासून करतात: कुठे पाठवू, कुठे विकू. मी उलट्या टोकाकडून, म्हणजे कराच्या आणि बँकेच्या बाजूने सुरू केलं. नाणं हलवायला तासभर पुरतो, त्याच्या अलीकडे-पलीकडे जे कागद लागतात त्यांना आठवडे जातात.

एप्रिलमध्ये आमच्या सीएंकडे गेले. त्यांनी कायदा थोडक्यात सांगितला. १ एप्रिल २०२२ पासून आयकराचं कलम ११५बीबीएच लागू झालं: नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची. एक्स्चेंजची फी, नेटवर्कची फी, सीएंची फी, काहीच वजा होत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. आपल्याच एका वॉलेटमधून आपल्याच दुसऱ्या खात्यात नाणं नेणं ही मात्र विक्री नव्हे, त्यावर कर नाही. फक्त ते आपलंच होतं हे दाखवता आलं पाहिजे.

मग त्यांनी विचारलं, “खरेदीचा पुरावा काय आहे?”

हा प्रश्न ज्याला-त्याला पडावा म्हणून ठळक सांगते. किंमत दाखवता आली नाही तर ती शून्य धरली जायची भीती असते, आणि २०१७ चे व्यवहार आठ वर्षांपूर्वीचे. माझ्याकडे ॲपकडून आलेल्या खरेदीच्या ईमेल होत्या, त्या एकेक करून छापल्या. त्याला जोड म्हणून बँकेचं २०१७-१८ चं स्टेटमेंट हवं होतं. नेटबँकिंगवर एवढं जुनं दिसेना, शाखेत अर्ज द्यावा लागला, थोडं शुल्क पडलं आणि दीडेक आठवडा वाट पाहावी लागली. तुमचं नाणं जुनं असेल तर विकायचा विचार नसला तरी हे कागद आजच काढून ठेवा. कंपन्या बंद होतात, ॲप गायब होतात, जुने ईमेल खाते कुणी उघडत नाही.

मेच्या सुरुवातीला वहीतल्या बारा शब्दांकडे वळले. फोनमधलं जुनं वॉलेट ॲप केव्हाच गेलेलं. इथेच सगळ्यात जास्त लोक लुटले जातात, म्हणून जरा थांबून सांगते. सर्चमध्ये ‘वॉलेट रिकव्हरी’ टाकलं की वर जाहिरातीत हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट येतात. टेलिग्रामवर ‘सपोर्ट’ म्हणून कुणीतरी आपणहून हजर होतं. दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, ते बारा शब्द. ज्याच्याकडे शब्द, त्याच्याकडे नाणं. ते कुठल्याही वेबसाइटवर टाइप करायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलासुद्धा पाठवायचे नाहीत. मी एक हार्डवेअर वॉलेट घेतलं, म्हणजे ही किल्ली फोन-कॉम्प्युटरबाहेर ठेवणारं छोटं यंत्र, अधिकृत विक्रेत्याकडून, आठ-नऊ हजारांना. सेकंडहँड किंवा ‘सेट करून दिलेलं’ यंत्र घेऊ नका. डब्यात आधीच शब्द लिहिलेला कागद निघाला तर तो सरळ सापळा आहे.

शब्द यंत्रातच भरले. ते २,०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून ओळखू येतात, त्यामुळे वहीतलं माझं गिचमिड अक्षरही चाललं. सगळं भरून झालं आणि शिल्लक दिसली शून्य.

पोटात गोळा आला, पण वहीत शब्दांखाली जुना पत्ताही (नाणं जिथे जमा होतं तो खातेक्रमांकच म्हणा) लिहिलेला होता, ३ या आकड्याने सुरू होणारा. नवं यंत्र मुळात बीसी१ ने सुरू होणारे पत्ते दाखवत होतं. एकाच बारा शब्दांतून वेगवेगळ्या प्रकारचे पत्ते निघतात: १ ने सुरू होणारे सगळ्यात जुने, मग ३ चे, मग बीसी१ चे. सेटिंगमध्ये खात्याचा प्रकार बदलून मधला निवडला आणि ०.१२ समोर आलं. म्हणून शून्य दिसलं तर लगेच रडत बसू नका, आणि त्या शून्याच्या घाबरगुंडीत ‘सपोर्ट’चा नंबर तर अजिबात शोधू नका.

आता एक्स्चेंज. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सायबर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरचं नाणं चोरीला गेलं आणि पुढे वर्ष उलटेपर्यंत ग्राहकांचे पैसे अडकलेलेच राहिले. त्यामुळे मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, वित्त मंत्रालयाच्या एफआययूकडे (संशयास्पद पैशांवर नजर ठेवणाऱ्या विभागाकडे) नोंदलेल्याच ठिकाणी जायचं. मार्च २०२३ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये बायनान्ससकट नऊ परदेशी कंपन्यांना नोटिसा गेल्या त्या याचसाठी. दोन, एक्स्चेंज हे वाटेतलं स्टेशन समजायचं, मुक्काम करायचा नाही. नाणं आत गेल्यापासून रुपये बाहेर येईपर्यंतचा काळ जितका कमी तितकं बरं. आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्या: काही भारतीय ॲपमध्ये नाणं फक्त विकत घेता आणि विकता येतं, बाहेरून जमा करता येत नाही. केवायसी करून मग हे कळण्यात काही अर्थ नाही.

केवायसीला पॅन, आधार, मान हलवत सेल्फी. माझं घोडं अडलं ते नावावर. पॅनवर लग्नानंतरचं पूर्ण नाव, जुन्या बचत खात्यावर माहेरचं आडनाव. एक्स्चेंज खात्यात एक रुपया टाकून नाव पडताळतो, ते जुळेना. आमच्याकडे बायकांच्या बाबतीत हे घरोघरी आहे, तेव्हा आधीच बघा. मी पॅनवरच्या नावाने वेगळं बचत खातं उघडलं, आणि ते वेगळं खातं पुढेही बरं पडलं: उद्या काही चौकशी लागून खातं गोठलंच, तर पगार आणि गृहकर्जाचा हप्ता त्यात अडकणार नाही.

लॉगिनसाठी एसएमएसऐवजी फोनवरच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप लावलं, त्याचा बॅकअप कोड कागदावर. पासवर्ड, मोबाइल किंवा बँक खातं बदललं की बरेच एक्स्चेंज पैसे काढणं एक-दोन दिवस रोखून धरतात. वैताग येतो, पण चोराने खातं फोडलं तर हीच मुदत आपल्या कामी येते.

नेमकं याच मुदतीत, २२ मेला बिटकॉइनने १ लाख ११ हजार डॉलरच्या वर नवा उच्चांक गाठला. घरात सगळे एकदम अर्थतज्ज्ञ झाले. दीर म्हणाले आजच विक, नवरा म्हणाला थांब, दीड लाख होतील. मला ना विकता येत होतं ना थांबायचं होतं; फीची तारीख भावाकडे बघत नाही. भाच्याने तिसराच मार्ग काढला. “मावशी, यूएसडीटी करून पीटूपी विक की. टेलिग्रामवर दोन-तीन रुपये जास्त देतात, टीडीएस पण कटत नाही.” यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं, आणि पीटूपी म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला थेट विकणं.

त्याला मी आमच्याच शाळेतल्या एका सरांची गोष्ट सांगितली. त्यांनी असंच अनोळखी माणसाला विकलं होतं. आलेले पैसे दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा ऑनलाइन फसवणुकीतले निघाले. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैशाचा माग काढत पोलिसांचं पत्र बँकेत आलं आणि सरांचं पगाराचं खातं गोठलं. गुन्हा त्यांनी केला नव्हता, पण ते सिद्ध करायला स्क्रीनशॉट, घोषणापत्रं, वकील, परराज्यातलं पोलीस ठाणं, सगळं झालं. डॉलरमागे दोन रुपये जास्त कोण आणि का देतो, एवढा एकच प्रश्न तिथे विचारायला हवा होता. आणि टीडीएस न कापल्याने कर टळत नाही. तशा व्यवहारात तो कापायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते इतकंच.

भाचा स्वतः कामाचे पैसे कधीकधी यूएसडीटीत घेतो, तेव्हा बसल्या बसल्या त्याचंही ॲप बघितलं. एकच यूएसडीटी ट्रॉन नावाच्या नेटवर्कवर असतं, इथेरियमवर असतं, आणखी कुठे कुठे असतं. ट्रॉनचा पत्ता टी ने सुरू होतो, इथेरियमचा शून्य-एक्सने, त्यामुळे त्या दोघांत गल्लत सहसा होत नाही. खरी गफलत इथेरियम आणि त्याच्यासारखाच पत्ता वापरणाऱ्या इतर नेटवर्कमध्ये होते. पत्ता बरोबर, पैसे गेलेले, पण समोरचा एक्स्चेंज ते नेटवर्क घेतच नाही. फी कमी दिसते म्हणून नेटवर्क निवडायचं नाही. ज्या नेटवर्कवर समोरचा घेतो तेच दोन्हीकडे हवं. एक्सआरपीसारख्या नाण्यांना पत्त्यासोबत टॅग नावाचा आकडाही लागतो, एक्स्चेंज त्यावरूनच कुणाचे पैसे ते ओळखतो. शिवाय त्याच्या यादीत एक अगदी किरकोळ जमा दिसत होती, ओळखीच्या पत्त्यासारख्या पत्त्यावरून, सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं तीच. मागच्या व्यवहारातून पत्ता कॉपी करायची सवय असलेल्यांसाठी लावलेलं हे गळाचं आमिष. मे २०२४ मध्ये अशाच नकली पत्त्यावर एकाने सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर पाठवले होते. चोराने पुढे परत केले, पण असा चोर आपल्या वाट्याला येईलच असं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, शनिवारी सकाळी आम्ही पाठवायला बसलो. रात्री दमलेलं असताना हे काम करू नका. एक्स्चेंजचा जमा करायचा पत्ता कॉपी केला, यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असेल तर कॉपी केलेला पत्ता चिकटवताना गुपचूप बदलतो, म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्यावर भरवसा न ठेवता यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावरचा पत्ता वाचायचा. एक्स्चेंजवरचा पत्ता मी माझ्या फोनमधून लेकीला हाताने लिहायला लावला. मी यंत्रावरून चार-चार अक्षरं मोठ्याने म्हणायची, ती पेन्सिलीने खूण करायची. मधली अक्षरंही सोडली नाहीत. बेचाळीस अक्षरं वाचायला कितीसा वेळ लागतो?

आधी फक्त ०.००१ पाठवलं, साधारण नऊ हजारांचं. चाचणीची रक्कम एक्स्चेंजच्या किमान मर्यादेच्या वर हवी हे तपासून घ्या, त्याहून कमी पाठवलं तर ते जमाच होत नाही. नेटवर्कची फी साठ रुपयांच्या आसपास पडली. ही फी रकमेवर नसते, त्या घडीच्या गर्दीवर असते. २० एप्रिल २०२४ ला, नवं बिटकॉइन काढणाऱ्यांना मिळणारं बक्षीस निम्मं होण्याच्या (हॅल्विंगच्या) दिवशी, सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली होती. मेमपूल डॉट स्पेस या साइटवर गर्दी बघून मगच पाठवावं.

पाठवल्यावर त्याच साइटवर माझा जुना पत्ता टाकला आणि लेक ओरडली, “आई, सगळं गेलं!” खरंच, पत्त्यावर शिल्लक शून्य. ०.००१ एक्स्चेंजकडे आणि उरलेलं जवळपास ०.११९ एका अनोळखी पत्त्यावर. बिटकॉइन पाचशेच्या नोटेसारखं असतं: भाजीवाल्याला तीस रुपये द्यायचे तरी नोट अख्खी द्यावी लागते आणि सुटे परत येतात. तो अनोळखी पत्ता आपलाच असतो, त्याच बारा शब्दांतून निघालेला, वॉलेटने सुट्यांसाठी बनवलेला. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एकूण शिल्लक बघितली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मी हे आधी वाचलेलं होतं, तरी दोन मिनिटं माझेही हात गार पडले होते हे खरं.

बिटकॉइनच्या व्यवहारांचा एक ठोकळा (ब्लॉक) साधारण दहा मिनिटांनी निघतो, एक्स्चेंजला काही ठोकळ्यांची खात्री हवी असते. पाऊण तासात रक्कम दिसली. त्याआधी एक फॉर्म आला: पैसे कुठून आले, वॉलेट कुणाचं, स्वतःचं असल्यास तसं घोषित करा. मनी लाँडरिंगच्या कायद्यापायी हे असतं, खरं तेच लिहायचं. मग उरलेल्यातलं ०.०९९, पत्ता पुन्हा नव्याने कॉपी करून, पुन्हा पेन्सिलीने खुणा करून. लेकीने कुरकुर केली. थोडं, सुमारे ०.०२, वॉलेटमध्येच राहू दिलं.

विकताना ‘झटपट विका’चं मोठं बटण टाळलं. त्यात दाखवलेला भाव बाजारातल्या भावापेक्षा बराच कमी होता. ऑर्डरच्या यादीत जाऊन स्वतःचा भाव टाकला, तुकड्यातुकड्यांनी विकलं गेलं. ०.१० चे सुमारे ९ लाख ५ हजार आले. टीडीएस सुमारे ९ हजार, फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून पावणेतीन हजार. विक्रीचा आणि टीडीएसचा रिपोर्ट तिथल्या तिथे उतरवून घेतला. रुपये काढतानाही आधी हजार, मग बाकीचे. संध्याकाळपर्यंत ८ लाख ९३ हजार नव्या खात्यात होते.

सोमवारी शाखेतून फोन आला, एवढी रक्कम कसली. कागद घेऊन गेले. समोरचा मुलगा विशीतला, नम्र. “मॅडम, क्रिप्टो तर आपल्याकडे बंद आहे ना? आरबीआयचं सर्क्युलर आहे.” हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, म्हणून रिझर्व्ह बँकेचीच ३१ मे २०२१ ची सूचना छापून नेली होती. त्यात बँकांना स्पष्ट सांगितलंय की २०१८ चं परिपत्रक कोर्टाने रद्द केलं आहे, ते दाखवू नका; केवायसी आणि काळ्या पैशाविरुद्धची नेहमीची तपासणी मात्र करा. त्याने ती वाचली, आत जाऊन आला, आणि विक्रीचा रिपोर्ट, पॅन व एका साध्या पत्राची प्रत ठेवून घेतली. पत्रात चार ओळी होत्या: २०१७ मध्ये इतक्याला घेतलं, आता इतक्याला विकलं, कर भरणार आहे. रीतसर बँकेने विचारावंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त कागद हातात नसते तर त्या खुर्चीवर बसून मी काय बोलले असते कोण जाणे.

कराचा हिशेब असा झाला. ०.१० ची खरेदी २२,००० ची, म्हणजे नफा ८ लाख ८३ हजार. त्याचे ३० टक्के आणि उपकर मिळून २,७५,४९६. टीडीएस वजा जाता २ लाख ६६ हजारांच्या वर. लोकांना वाटतं हे पुढच्या वर्षी रिटर्न भरताना बघू, पण देणं दहा हजारांच्या वर असेल तर आगाऊ कर लागतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. चुकलं की व्याज. मी हप्ते न करता जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच सगळा भरून टाकला, आयकराच्या पोर्टलवर ई-पे टॅक्समधून. खात्यात दिसणारे नऊ लाख आपले नाहीत, सव्वासहाच आपले आहेत, हे लवकर कळलेलं बरं असतं.

एक्स्चेंजने तिमाहीचं विवरण भरल्यावर टीडीएस २६एएसमध्ये येतो. एप्रिल ते जूनची मुदत ३१ जुलै, म्हणून ऑगस्टमध्ये पाहिलं, आकडा जुळला. तो जुळला नाही तर एक्स्चेंजला लगेच लिहायचं, वर्षअखेरीपर्यंत थांबायचं नाही. मधल्या काळात, १९ जुलैला, कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजवर सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरचा हल्ला झाला. ग्राहकांचे पैसे सुरक्षित असल्याचं कंपनीने जाहीर केलं. माझं तोवर कुठल्याच एक्स्चेंजवर काही नव्हतं.

आता पुढच्या वर्षीचं रिटर्न आयटीआर-२ मध्ये, त्यात या मालमत्तांचं वेगळं परिशिष्ट आहे: घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदीची किंमत, विक्रीची रक्कम. खरेदी तुकड्यातुकड्यांची असल्याने तारखा जुळवत बसावं लागेल. सीएंनी त्याचे वेगळे दीड हजार सांगितलेत.